बाबांच्या रेसच्या वह्या, त्यातली लाल वर्तुळं आणि महालक्ष्मीचं पुढे काय?

सातरस्ता (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात सात रस्त्याजवळची आमची चाळीतली खोली रिकामी केली. पुनर्विकास. पोटमाळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आईची दोन जुनी लुगडी, बाबांचा गिरणीचा पास आणि सात शंभरपानी वह्या. मला वाटलं भजनाच्या असतील. उघडल्या तर रेसच्या!

बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले. इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे घोड्यांची नावं कानावर पडतील तशी मराठीत लिहिलेली. तारीख, कितवी रेस, घोडा, जॉकी, पाठीवरचं वजन, कितवा आला. १९७५ पासून दर मोसमाला एक वही. शेवटची नोंद रविवार, १७ जानेवारी १९८२. दुसऱ्या दिवशी गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर बाबा रेसकोर्सकडे फिरकल्याचं मला आठवत नाही. रविवारच्या मटणाचे पैसे आई शनिवारीच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची, एवढाच काय तो माझा रेसशी संबंध.

आता प्रश्न. काही घोड्यांच्या नावाभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ आहे आणि शेजारी बारीक अक्षरात कधी 'हा', कधी 'बा'. मी धरून चाललो की बाबांनी ज्याच्यावर पैसे लावले तो वर्तुळात. पण १९७८-७९ च्या वहीत ३१ वर्तुळं मोजली, त्यातला एकही घोडा पहिल्या तिघांत नाही. पाचवा, आठवा, एकदा तर शेवटून पहिला. माणूस इतका सातत्याने हरू शकतो का हो? 'हा' आणि 'बा' म्हणजे काय?

दुसरा प्रश्न मोठा आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर आता पालिकेच्या उद्यानाला आणि ९१ एकर रेस चालवणाऱ्या क्लबकडे २०५३ पर्यंत, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. रेस टिकाव्यात असं तुम्हाला वाटतं का? मी आयुष्यात एक तिकीट काढलेलं नाही, त्यामुळे मला मत नाही. पण वह्या वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

खोगीरभरती

पहिला प्रतिसाद माझा. विन नाही तर प्लेस तरी द्या.

'हा' म्हणजे 'हाय रे देवा' आणि 'बा' म्हणजे 'बायकोला सांगू नये'. हलके घ्या.

फर्लांग

सातरस्ता, डोळ्यांत पाणी आणलंत. तुमचे बाबा आणि मी एकाच कठड्याला टेकून उभे राहिलो असू. मी तेव्हा कॉलेजात, खिशात दहा रुपये, पैकी दोन परतीच्या प्रवासाचे बुटात. हो, बुटात. खिशातले शेवटच्या रेसला जातातच.

त्या वह्या १९७५ पासून आहेत म्हणजे १९७७ ची डर्बी, मोसमातली सगळ्यात मानाची रेस, त्यात असणार. स्क्वाँडरर घोड्याचं वर्ष! १९ वेळा पळाला, १८ वेळा जिंकला. नाव उधळ्याचं, आणि त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला मिळायचं काय? रुपयाला चार आणे सुटले तरी नशीब, कारण सगळं रेसकोर्स त्याच्याच मागे. तरी लोक लावायचे. जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहायची हौस असते माणसाला.

वसंत शिंदे घोड्यावर असले की आमच्या बाजूच्या गर्दीला वेगळाच चेव यायचा. तिकडे मेंबरांच्या स्टँडात टोप्या नि दुर्बिणी, आणि इकडे "शिंदे, काढ रे, काढ!" सरळीला लागल्यावर आधी जमीन हादरते, मग आवाज येतो. टीव्हीवर हे कधीच कळणार नाही.

आणि १९७९. कार्ल उमरीगर. विशीसुद्धा पुरी न केलेला जॉकी, सगळे म्हणायचे पुढची वीस वर्षं याची. महालक्ष्मीलाच घोड्यासकट पडला आणि त्यातून उठला नाही. तुमच्या वहीत त्या पानावर काय आहे, बघाल का?

चष्मिष्ट

आठवणी छान आहेत, पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहिते.

माझे थोरले मामा. सरकारी नोकरी, दोन मुली. जॅकपॉट. पाच रेसचे पाच विजेते ओळखायचे, एकदा लागला की जन्माचं भलं. तो 'एकदा' यायची वाट बघता बघता मामींच्या पाटल्या गेल्या, मग आजोळच्या घराचा हिस्सा गेला. मामा वाईट नव्हते हो. दारू नाही, सिगरेट नाही. फक्त ते रेसचं पुस्तक आणि पेन्सिल. सणासुदीला पानावर बसूनसुद्धा डोकं पुस्तकात.

सातरस्ता, तुमच्या आईने पैसे तांदळाच्या डब्यात का पुरले, हा माझ्या लेखी या धाग्यातला खरा प्रश्न आहे. उरलेले ९१ एकरसुद्धा बागेला द्या आणि विषय संपवा.

खोगीरभरती

चष्मिष्टताई, +१ आणि माघार. वरचा 'बायकोला सांगू नये' हा विनोद आता विनोद वाटत नाही.

पेठेतला

मुंबईकरांची महालक्ष्मी महालक्ष्मी चालली आहे म्हणून नम्रपणे नमूद करतो: पुण्याचं रेसकोर्स १८३० चं आणि तुमचं १८८३ चं. त्याआधी तुम्ही भायखळ्याला पळवत होतात. पावसाळा लागला की तुमचे घोडे, जॉकी, ट्रेनर, बुकी सगळे मुकाट्याने घाट चढून आमच्याकडे येतात, कारण जुलैत महालक्ष्मीला घोडा नाही, होडी लागेल.

जाता जाता, दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली ती आधी फक्त शनिवार-रविवारची गाडी होती. कशासाठी? पुण्याच्या रेसला येणाऱ्या मुंबईच्या शेठजींसाठी. आम्ही पुणेकर इतकी वर्षं ती आपल्या नोकरदारांची गाडी समजून कटलेट खात होतो.

फर्लांग

पेठेतला, तुमच्या रेसकोर्सवर दुपारी एक ते चार काउंटर बंद असतं का? :)

पेठेतला

एक ते चार मुंबईकरांना लुटायची वेळ असते, बंद कसं ठेवू?

हिशेबनीस

करांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. धंद्याने सीए आहे, रेसचा शौक नाही, पण या विषयात घोडं पेंड खातं ते इथेच.

जुलै २०१७ पासून बेटिंगवर २८ टक्के जीएसटी. वाद हा होता की कर कशावर? क्लब तुमच्या शंभरातले जे काही थोडे कमिशन म्हणून ठेवतो त्यावर, की पूर्ण शंभरावर? २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला: फक्त कमिशनवर. मग जीएसटी परिषदेने कायदाच बदलून घेतला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ४० वर गेला. म्हणजे लॉटरी, कसिनो आणि रेस एका पंगतीला.

गंमत अशी की १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की रेस हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. न्यायालयात कौशल्य आणि कराच्या तक्त्यात जुगार.

आता व्यवहार बघा. खिडकीवर रांग लावून, कर भरून तिकीट काढणारा रेस सुरू होण्याआधीच मागे पडलेला असतो. फोनवरचा बेकायदा बुकी करही घेत नाही आणि उधारही देतो. मग गिऱ्हाईक कुठे जाणार? खिडकीवरचा पैसा आटला की घोडामालकांची बक्षिसं आटतात, बक्षिसं आटली की मालक घोडे कमी घेतात, घोडे कमी झाले की आठ जणांच्या रेसला पाचच उरतात, आणि पाचांच्या रेसवर कोण पैसे लावणार. जुगार कमी करायचा म्हणून कर वाढवला असेल, तर जुगार तेवढाच राहिला. सरकारला दिसेनासा झाला, एवढंच.

चष्मिष्ट

हिशेबनीस, मुद्दा कळला. पण दारूवर कर लावला की हातभट्टी वाढते म्हणून दारू स्वस्त करायची का?

हिशेबनीस

नाही. पण हातभट्टी सोडून फक्त परवानेवाल्याच्या दारात उभं राहायचं नाही.

पटाचा_बैल

सगळे घोड्याघोड्यांत रमलेत. आमच्याकडे विदर्भात शंकरपट बघा एकदा! जीएसटी नाही, टोपी नाही, एन्क्लोजर नाही. बैलजोडी सुटली की घड्याळात सेकंदाचे तुकडे मोजतात. २०१४ ला बंदी आली तेव्हा गावात सुतक होतं, १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम केली तेव्हा डीजे.

पेठेतला

बैल आमच्या जुन्नर-खेडचे. बैलगाडा, आणि पुढे घोडी. म्हणजे घोडा आला की नाही विषयात? मग अवांतर नाही.

पटाचा_बैल

घोडाच पाहिजे तर सारंगखेड्याला चला. तापीकाठी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. तिथे किंमत दातावरून नि भोवऱ्यावरून ठरते, रेटिंगवरून नाही.

संपादक मंडळ

बैलांसाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर यावे ही विनंती.

पागेतली_पोर

बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज लिहावंसं वाटलं.

माझे आजोबा मोतद्दार होते. आता सगळे सईस म्हणतात. कुणाच्या पागेत ते सांगत नाही. मूळ साताऱ्याकडचे. पहाटे साडेतीनला उठायचे. आधी घोड्याचे पाय चाचपायचे, तिघांचे चारी, हाताला गरम लागतंय का ते बघायला. मग खरारा, मग चंदी, मग ट्रॅकवर. स्वतःचा चहा नंतर. तीन घोडे त्यांच्याकडे. घोड्याला ताप आला की आजोबा पागेतच झोपायचे, आणि आजी म्हणायची, आम्हाला ताप आल्यावर घरी आले असते तर बरं झालं असतं.

त्यांचा घोडा जिंकला की फोटोत तेच लगाम धरून उभे. मालक, मालकीणबाई, ट्रेनर, जॉकी, सगळ्यांची नावं खाली छापलेली. लगाम धरणाऱ्याचं नाव नाही. आमच्या घरात अशा फोटोंची कात्रणं आहेत, आजोबांनी प्रत्येकावर पेनने स्वतःचं नाव घातलंय. बक्षीस म्हणून मालक खूश होऊन देईल ते. न दिलं तर काय विचारणार?

पण माझं दुखणं वेगळं. घोड्याचं पळणं सहा-सात वर्षांचा होईपर्यंत. जगतो पंचविसेक. मधल्या वर्षांचं काय? जातिवंत घोडी असेल तर स्टड फार्मला जाते. नामांकित घोडा असेल तर तोही. बाकीचे कुठे जातात? कुणी रायडिंग स्कूलला, कुणी थंड हवेच्या ठिकाणी, कुणी लग्नाच्या वरातीला. आजोबांनी एकदा मरीन ड्राइव्हला व्हिक्टोरियाला जुंपलेला आपलाच घोडा ओळखला होता. नावाने हाक मारली तर त्याने कान वळवले. आजोबा तिथून चालत घरी आले आणि दोन दिवस बोलले नाहीत. (व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंद करायला सांगितल्या, त्याच्या फार आधीची गोष्ट.)

रेस बंद करा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, उद्या बंद केल्यात तर पागेत उभ्या असलेल्यांचं काय करणार? आणि चालू ठेवा म्हणणाऱ्यांनाही तेच विचारते.

फर्लांग

दंडवत.

चष्मिष्ट

कान वळवले, हे वाचून थांबले थोडा वेळ. माझं मत बदललं नाही, पण तुमचा प्रश्न माझ्याही पदरात पडला, हे मान्य.

पेठेतला

निवृत्त घोड्यांवरून एक. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा. त्यांचे म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, कारण धनुर्वात नि सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. घोडे आपले, मग औषध आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे आपल्या दंडावर टोचलेल्या लशीची मुळं शोधत गेलं की तबेल्यात पोचतो. हा विनोद नाही.

यारा_नदीकाठी

मेलबर्नहून. तुमची महालक्ष्मी ज्या मैदानावरून बेतली म्हणतात ते कॉलफील्ड माझ्या घरापासून ट्रेनने वीस मिनिटांवर. माहेर गिरगाव, त्यामुळे पहिल्यांदा गेले तेव्हा स्टँडवरून समुद्राची दिशा शोधत होते.

इथे नोव्हेंबरचा पहिला मंगळवार मेलबर्न कपचा, चक्क सार्वजनिक सुट्टी. आमच्या ऑफिसात एरवी शेअरबाजारालाही हात न लावणारी माणसं चिठ्ठ्या टाकून घोडे वाटून घेतात. पण फार हुरळू नका. २०१९ मध्ये इथल्या सरकारी वाहिनीने दाखवलं की निवृत्त घोडे क्वीन्सलँडच्या कत्तलखान्यात जातायत. देश हादरला. पुढच्याच वर्षी अँथनी व्हॅन डाइक हा एप्सम डर्बी जिंकलेला घोडा कपमध्ये पाय मोडून गेला. त्यानंतर परदेशी घोड्यांचे पाय आधी स्कॅन करायचे नियम आले. पागेतली_पोर यांचा प्रश्न इथेही सुटलेला नाही, पण निदान विचारला तरी जातो.

एक फरक मात्र मला मोठा वाटतो. इथे रेसवर नजर ठेवणारे स्टुअर्ड क्लबचे नसतात. क्लब मैदान चालवतो. नियम, तपास, शिक्षा हे रेसिंग व्हिक्टोरिया नावाची वेगळी संस्था बघते. आपल्याकडे कसं आहे?

फर्लांग

वर्मावर बोट ठेवलंत.

आपल्याकडे सरकार १९१२ च्या कायद्याने क्लबला परवाना देतं, कर वसूल करतं आणि बाजूला होतं. बाकी सगळं क्लब. मैदान क्लबचं, तिकीटखिडकी क्लबची, बुकीला जागा देणार क्लब, ट्रेनर-जॉकीला परवाना देणार क्लब, त्यांच्या चौकश्या करणार क्लब. क्लबची समिती निवडणार मेंबर, आणि मेंबरांतले कितीतरी स्वतः घोडामालक. पगारी स्टुअर्ड असतात, नाही असं नाही, पण पगार कोण देतं? मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. मी कुणावर आरोप करत नाहीये, चांगली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पण पंच, खेळाडू आणि यजमान एकाच पंगतीला जेवत असले तर वाढप्याने काय करावं? चौकशी खरी झाली तरी कठड्यापलीकडच्या माणसाला ती खरी वाटत नाही.

त्याचा परिणाम असा की जमिनीवर गदा आली तेव्हा बाजूने बोलायला सामान्य माणूस उरला नाही. महालक्ष्मीचा भाडेपट्टा २०१३ ला संपला, अकरा वर्षं घोळ. चेन्नईत २०२४ च्या सप्टेंबरात गिंडीच्या १६० एकरांवर सरकारने टाळं लावलं, भाडेपट्टा १९४५ पासून ९९ वर्षांचा असूनही. उटीही त्याच वर्षी गेलं. कोण रडलं? सामान्य माणसाला वाटलं, श्रीमंतांचा खेळ, गेला तर गेला.

खोगीरभरती

पण श्रीमंतांचा म्हणायचा तर सातरस्ता यांचे बाबा कोण होते?

फर्लांग

हेच तर. तो खेळ चालत होता कठड्याकडच्यांच्या पाच-पाच रुपयांवर. फोटो तिकडच्यांचे.

हां, श्रीमंती म्हणाल तर बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड. १९४५ साली इंग्लंडात २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं, तेव्हाचा उच्चांक. आजोबांच्या नावावरून नाव ठेवलं: सयाजीराव. १९४७ मध्ये त्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर मारली. आपली पहिली इंडियन डर्बीही, १९४३ ची, त्यांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुलने जिंकलेली. घोडी होती, लक्षात घ्या.

हिरवळ

मी रोज सकाळी रेसकोर्सच्या आत चालायला जाते, गेली बावीस वर्षं. तिकीट कधी काढलं नाही. माझं मत निव्वळ स्वार्थी आहे: या शहरात एवढं आभाळ दुसरीकडे कुठे दिसतं?

पार्कला माझा विरोध नाही. सागरी किनारा रस्त्याच्या भरावाची जागा धरून सुमारे ३०० एकर हिरवं होणार म्हणतात, चांगलंच आहे. पण 'उद्यान' म्हणून सुरू झालेल्या जागेत हळूच जमिनीखाली वाहनतळ येतो, मग त्याच्यावर प्रवेशद्वार, मग उपाहारगृह. माती खणून वर झाड लावलं की ते कुंडीतलंच झाड. घोड्यांमुळे ही जमीन शे-दीडशे वर्षं कुणी बांधायला धजलं नाही, हे घोड्यांचे उपकार. ते स्वतः पळत राहिले आणि आपल्याला श्वास घ्यायला जागा राहिली.

चष्मिष्ट

हिरवळ, याला मात्र सहमत. वाहनतळ नको, जॅकपॉट नको, मैदान हवं.

खिडकी_नंबर_नऊ

उशिरा आलो. चोवीस प्रतिसादांत बैल आला, लस आली, मेलबर्न आलं, मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. :)

मी बँकेत होतो आणि रेसच्या दिवशी तिकीटखिडकीवर बसायचो. सव्वीस वर्षं. सातरस्ता, तुमचे बाबा हरत नव्हते. वर्तुळातल्या घोड्यांवर त्यांनी पैसे लावलेच नव्हते.

हँडिकॅप रेस कशी असते ते आधी. सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून. घोडा जिंकला की त्याचं रेटिंग चढतं, वजन वाढतं. हरत राहिला की रेटिंग उतरतं, वजन उतरतं. मग हलक्या वजनाने, लोकांनी आशा सोडलेली असताना, भाव चांगला असताना तो एक दिवस जिंकतो. कधी हे आपोआप होतं: घोडा आजारातून उठलेला असतो, अंतर त्याच्या पायाला जमत नाही, किंवा नवखा असतो म्हणून ट्रेनर सांगतो, आज दामटू नकोस. कधी मुद्दाम होतं. दरवेळी लबाडी असते असं समजू नका, आणि कधीच नसते असंही नका समजू.

कठड्यावरची जाणती माणसं जिंकणारा घोडा बघायची नाहीत. मागच्यांकडे बघायची. शेवटच्या दोनशे मीटरला घोडा दामटायला जॉकीचे हात हलतायत का? 'हा' म्हणजे हात. हात हलले नाहीत. 'बा' म्हणजे वळणावर घोडा बाहेरून काढला, चार लांबी फुकट घालवली. मी असे पाच-सहा जण ओळखत होतो, सगळे गिरणीतले. लिहायची रीत प्रत्येकाची वेगळी, पण हात बघायचे सगळेच. अशी माणसं माझ्या खिडकीवर मोसमात दहा-बाराच वेळा यायची, तिकीट छोटं, चेहरा मख्ख.

वर्तुळातला घोडा त्याच वहीत पुढे कुठे येतो बघा. तिथे दुसरी काहीतरी खूण असेल.

खोगीरभरती

बाबौ.

सातरस्ता

काल रात्री दोनपर्यंत बसलो होतो.

आहे. बारीक बरोबरची खूण आहे, पेनाने. मी ती बघितली होती, पण हजेरीसारखी काहीतरी वाटली होती. १९७८-७९ च्या ३१ वर्तुळांपैकी १४ घोड्यांना पुढे ती खूण आहे, आणि त्या १४ पैकी ९ पहिले आले. एक घोडी डिसेंबरात 'हा', जानेवारीत परत 'हा', फेब्रुवारीत साडेचार किलो कमी वजनाने पहिली. समोर लिहिलंय: ति. ५ रु., भाव ९.

त्या वर्षीच्या मार्चमधली शिलाई मशीनची पावती त्याच ट्रंकेत आहे. आम्हाला सांगितलं होतं बोनसचे पैसे.

फर्लांग, उमरीगरचंही बघितलं. त्या दिवसाच्या पानावर रेस लिहिलेल्या नाहीत. नुसतं "पोरगं पडलं". पुढची दोन पानं कोरी.

खरं सांगू का, आनंद झाला आणि चैनही पडेना. वाण्याने चार आणे जास्त दिले तर परत द्यायला जिना उतरून जाणारा हा माणूस. काय चाललंय ते कठड्यावरून त्यांना दिसत होतं. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि त्याच्यावर पाच रुपये लावले.

खिडकी_नंबर_नऊ

मग काय करायला हवं होतं? साचेखात्यातल्या माणसाने स्टुअर्डांच्या खोलीत जाऊन सांगायचं, साहेब, हात हलले नाहीत?

यारा_नदीकाठी

इथे निदान फोन नंबर असतो.

पागेतली_पोर

आजोबांना पण दिसायचं. घोडा घामेजला नाही, हे पुसताना कळतंच.

चष्मिष्ट

सातरस्ता, १४ पैकी ९ हे माझ्या मामांना कळलं असतं तर पाटल्या वाचल्या असत्या असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, मामांनी ३१ च्या ३१ वर लावले असते, त्याच दिवशी. वही लिहायला लागणारा धीर त्यांच्याकडे नव्हता.

सातरस्ता

माझ्या दुसऱ्या प्रश्नावर अजूनही मला मत नाही. येत्या मोसमात एकदा जाऊन कठड्याला उभा राहणार आहे. तिकीट काढणार नाही, हात बघणार.

खिडकी_नंबर_नऊ, एक विनंती. १७ जानेवारी १९८२ च्या पानावर शेवटच्या रेसमध्ये एक वर्तुळ आहे. 'हा'. त्याच्यापुढे वहीच नाही. तो घोडा त्या मोसमात पुढे आला का, तुमच्याकडे जुनी पुस्तकं असतील तर बघाल? नाव इथे लिहीत नाही, व्यक्तिगत निरोप करतो.

खिडकी_नंबर_नऊ

करा. ८२ च्या एप्रिलपर्यंतची आहेत माझ्याकडे. बायकोने रद्दीत घातली नसली तर.